शरणपूरचे प्रवासी आणि त्यांचे आप्त

नाशिकचें नांव काढतांच पंचवटी, गोदेचा घाट आणि सिंहस्थाचा मेळा हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. आफ्रिकेच्या इतिहासांत मात्र हें नांव अगदीं निराळ्या कारणानें येतें. डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन ह्यांच्या अखेरच्या प्रवासाच्या दैनंदिनींत नाशिकच्या मुलांचा उल्लेख वारंवार आढळतो. हीं मुलें जन्मानें नाशिकचीं नव्हतीं, आफ्रिकेचींच होतीं; आणि नाशिकास राहून तीं पुन्हां स्वदेशीं गेलीं, तेव्हां तेथें त्यांस त्यांचे रक्ताचे आप्त भेटले. ह्या भेटींत काय घडलें, हा ह्या लेखाचा विषय आहे.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम वाहून नेणारीं गलबतें इंग्रजी आरमार पकडीत असे. सुटका झालेल्यांपैकीं पुष्कळ मुलें मुंबईस उतरविलीं जात व मिशनांच्या हवालीं केलीं जात. १८५४ सालीं रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस ह्यांनीं नाशिकलगत शरणपूर नांवाची वसाहत स्थापिली, आणि पुढें तिच्यांतच ह्या मुलांसाठीं आश्रयस्थान निघालें. तेथें त्यांस अक्षरओळख, इंग्रजी, सुतारकाम, लोहारकाम इत्यादि शिकवीत. नांवेंही नवीं मिळत. सायमन प्राइस, एडवर्ड गार्डनर, अब्राहाम परेरा हीं नांवें वाचून त्यांच्या मातापित्यांनीं त्यांस कोणत्या नांवानें हांक मारली असेल, ह्याचा तर्कही करतां येत नाहीं.

१८६६ च्या आरंभीं लिव्हिंगस्टन मुंबईहून निघाले, तेव्हां त्यांच्याबरोबर शरणपूरचे नऊ तरुण होते. शिवाय चुमा व विकाटानी हे दोघे होते. ह्या दोघांस १८६१ सालीं गुलामांच्या तांड्यांतून सोडविण्यांत आलें होतें, आणि १८६४ पासून ते मुंबईस डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या शाळेंत होते. रोवुमा नदीच्या बाजूनें ही मंडळी आंत शिरली आणि जुलै महिन्यांत मटाका नांवाच्या याओ सरदाराच्या गांवीं पोंचली.

परक्या पाहुण्यांस पाहण्यास गांव लोटला असतां त्या गर्दींत अब्राहामनें एक चेहरा ओळखला. तो त्याच्या मामाचा, किंवा काकाचा होता. इंग्रजी दैनंदिनींत दोहोंसाठीं एकच शब्द असल्यामुळें मराठी लेखकास येथें थबकावें लागतें; आणि हें थबकणें व्यर्थ नाहीं, हें पुढें दिसेल. अब्राहामनें आपली ओळख दिली, तेव्हां त्यास कळलें कीं, तो गुलामगिरींत गेल्यावर त्याची आई व दोन बहिणी ह्यांसही अरबांस विकण्यांत आलें. त्या आप्तानें त्यास राहण्याचा आग्रह केला. दुसऱ्याही एका आप्तानें केला. स्वतः मटाकानें केला. लिव्हिंगस्टन ह्यांनींही त्यास राहण्याचा सल्ला दिला. त्यास कित्येक महिने पुरेल इतका माल देण्याची त्यांची तयारी होती. अब्राहामचें उत्तर मात्र प्रत्येक वेळीं एकच होतें: जेथें आई नाहीं, बहीण नाहीं, तेथें आपण राहावें कसें?

कोणा वाचकास ही केवळ भावनेची भाषा वाटेल. परंतु याओ समाज मातृवंशीय आहे. तेथें मनुष्याचें कुळ आईकडून चालतें, आणि भावाची प्रतिष्ठा त्याच्या बहिणी व त्यांचीं मुलें ह्यांच्यावर उभी असते. त्या दृष्टीनें पाहिलें असतां अब्राहामच्या उत्तरांत त्याच्या समाजाची सारी रचना सांठविलेली दिसते. आप्त होते, अगत्य होतें, सरदाराचा आश्रय होता. परंतु ज्या धाग्यानें तो त्या गांवाशीं बांधला गेला असता, तो धागाच तुटला होता. ज्या घरीं त्यानें पुत्राप्रमाणें परतावयाचें, तेथें तो पाहुणा झाला होता.

विकाटानीचें वर्तन ह्याच्या अगदीं उलट झालें. त्याच वर्षीं न्यासा सरोवराच्या दक्षिणेस त्यास त्याचा भाऊ भेटला व आणखी भावंडें जवळच असल्याचें समजलें. ज्या बापानें त्यास विकलें होतें तो मरण पावला होता. आतां आपलीं माणसें आपल्यास पुन्हां विकणार नाहींत, असें त्यास वाटलें, आणि त्यानें राहण्याचें ठरविलें. लिव्हिंगस्टन ह्यांनीं त्यास कापड, एक बंदूक आणि लिहिण्यासाठीं कागद दिला. आप्तांच्या घरीं परतणाऱ्या तरुणास आपण सुरक्षित राहूं कीं नाहीं ह्याचा हिशेब करावा लागला, ह्यांतच गुलामांच्या व्यापारानें काय केलें होतें तें आलें. त्या व्यापारानें माणसें तर नेलींच. मागें राहिलेल्यांतला विश्वासही नेला.

एक परतला व राहिला. दुसरा भेटला व पुढें चालूं लागला. परंतु शरणपूरच्या मंडळींत तिसरा मार्ग चोखाळणारेही होते. १८६४ सालींच विल्यम जोन्स व इश्मायल सेमलर हे मोंबासाजवळील रबाई येथें सेवेसाठीं गेले होते. पुढें १८७४ च्या अखेरीस प्राइस स्वतः मोंबासास गेले, आणि १८७५ सालीं तेथें सर बार्टल फ्रिअर ह्यांच्या नांवानें फ्रिअर टाउन ही वसाहत उभी राहिली. नाशिकचें आश्रयस्थान तेव्हां बंद झालें, आणि तेथले पुष्कळ लोक ह्या नव्या वसाहतींत गेले. गलबतांवरून सोडविलेले नवे लोक तेथें येत. त्यांस शिकविण्यास, हत्यारें हातीं देण्यास, दुभाषाचें काम करण्यास नाशिकहून आलेले हे लोकच पुढें होत. रबाईस तर मालकांपासून पळालेले गुलाम जोन्सच्या आश्रयास येऊं लागले. त्यावरून किनाऱ्यावरील मालकवर्गाशीं मोठा कलह माजला. अखेर मालकांस मोबदला देऊन सुमारे १,४०० जणांस मुक्त करण्यांत आलें, आणि १ जानेवारी १८८९ रोजीं रबाई येथें त्यांस मुक्ततेचीं पत्रें वांटण्यांत आलीं. ज्यांस परतावयास घर राहिलें नव्हतें, ते दुसऱ्यांचे यजमान झाले. आणि आलेल्या पाहुण्यास परत पाठवावयाचें नाहीं, हा त्यांच्या आतिथ्याचा नियम होता.

ह्या इतिहासांत शरणपूरच्या शाळेचें श्रेय आहे, तें नाकारूं नये. १ मे १८७३ रोजीं चितांबोच्या गांवीं लिव्हिंगस्टन मरण पावले, तेव्हां त्यांच्या वस्तूंची यादी करण्यास आणि अंत्यविधीची प्रार्थना वाचण्यास शरणपूरचा जेकब वेनराइट तेथें होता. पुढें १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत शवपेटीच्या वाहकांतही तो होता. परंतु आश्रय देणाऱ्याच्या दयेलाही एक मर्यादा असते. तिनें मुलांस नांव दिलें, विद्या दिली, धंदा दिला. गेलेली आई व बहीण मात्र तिला देतां आली नाहीं. शिवाय हे लोक वयानें मोठे झाले, संसारी झाले, तरी कागदोपत्रीं ते 'मुलें'च राहिले.

नाशिकास आजही शरणपूर रोड ह्या नांवाचा मोठा रस्ता आहे, आणि त्यावरून रोज हजारों लोक जातात. शरण कोणास मिळाली होती, हें त्यांतील फार थोड्यांस ठाऊक असेल. लिव्हिंगस्टनचें चरित्र आमच्या शाळांतून पुष्कळांनीं वाचलें. परंतु मामाच्या दारांतून रित्या मनानें निघालेला अब्राहाम आणि परक्यांसाठीं दार उघडें ठेवणारा जोन्स हेही एका अर्थानें आमचेच गांवकरी होते. नाशिकच्या इतिहासांत त्यांस त्यांच्या नांवानिशीं जागा दिली पाहिजे.