चिठ्ठीतून निघालेलं शेत

सोयाबीनची काढणी सुरू झाली की वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड, मालेगाव, मंगरूळपीरच्या शिवारांत दोरी, खुंट्या आणि वजनकाटा घेऊन सरकारी माणसं उतरतात. कोणत्या गट नंबरात जायचं हे यादृच्छिक आकड्यांनी आधीच ठरलेलं असतं. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यातून, पुन्हा तशाच आकड्यांनी ठरलेली पावलं लांबीत आणि रुंदीत मोजायची, तिथे पहिली खुंटी ठोकायची, चौकोन आखायचा आणि तेवढ्याच जागेतलं पीक कापून, मळून, तोलायचं. हा पीक कापणी प्रयोग. अशा मोजक्या चौकोनांच्या वजनांवरून अख्ख्या महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न काढतात आणि त्यावरून पीकविम्याचा हिशेब होतो.

या रिवाजाची वंशावळ शोधताना मी अशा ठिकाणी पोचलो, जिथे जायची कल्पनाही नव्हती. 2021 चं अर्थशास्त्राचं नोबेल निम्मं डेव्हिड कार्ड यांना आणि निम्मं जोशुआ अँग्रिस्ट व गिडो इम्बेन्स यांना मिळालं. अँग्रिस्ट आणि इम्बेन्स यांना ते कार्यकारणसंबंध ओळखण्याच्या पद्धतीबद्दल मिळालं. माझं म्हणणं असं, की ती विद्या आणि वाशीमच्या शिवारातली ही खुंटी एकाच कुळातली आहेत, आणि या नात्याचे दुवे मराठी माणसं आहेत.

त्या कुळाचा मूळपुरुष मी पोलिश संख्याशास्त्रज्ञ येर्झी न्यूमन यांना मानतो. 1923 साली त्यांनी शेतीप्रयोगांवर पोलिश भाषेत एक निबंध लिहिला. त्यातला विचार असा: एका रानाचे अनेक पट्टे पाडले आणि दोन वाणांची तुलना करायची आहे. प्रत्येक पट्ट्याची दोन उत्पन्नं संभवतात, पहिलं वाण पेरलं तर एक आणि दुसरं पेरलं तर दुसरं. वाणाचा खरा परिणाम म्हणजे या दोहोंतला फरक. पण पट्ट्यात एका हंगामात एकच वाण पेरता येतं, दुसरं उत्पन्न कधीच दिसत नाही. मग न्यूमन यांनी घागरी कल्पिल्या. प्रत्येक वाणाची एक घागर, तीत प्रत्येक पट्ट्याचा एक गोळा, गोळ्यावर त्या पट्ट्याचं उत्पन्न. एका घागरीतून एखाद्या पट्ट्याचा गोळा काढला की दुसरीतून त्याच पट्ट्याचा गोळा नाहीसा होतो.

या कल्पनेत मोठी युक्ती दडलेली आहे. ज्या पट्ट्यांना पहिलं वाण मिळालं, ते सगळ्या पट्ट्यांच्या ‘पहिल्या वाणाच्या उत्पन्नां’तून चिठ्ठीनं काढलेला नमुना ठरतात. दुसऱ्या वाणाचंही तसंच. म्हणजे ‘यामुळे काय फरक पडला?’ हा कारणाचा प्रश्न ‘नमुन्यावरून सगळ्यांची सरासरी काय?’ या मोजणीच्या प्रश्नात उतरतो. पीक कापणी दुसरा प्रश्न सोडवते, नोबेलवाले पहिला. पुढे 1974 मध्ये संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी हीच मांडणी स्वतंत्रपणे केली आणि प्रयोगापलीकडे नेली; नोबेलवाल्यांची विद्या तिच्यावरच उभी आहे. न्यूमन यांचा निबंध इंग्रजीत आला तो 1990 साली.

पोलंडमधला हा विचार वऱ्हाडात आला कसा? साताऱ्याकडच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे 1933 च्या सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकायला गेले आणि तिथे आलेल्या न्यूमन यांचे शिष्य झाले. न्यूमन यांनी 1934 मध्ये नमुना निवडीच्या सिद्धांताचा पाया घातला, सुखात्म्यांनी लगेच 1935 मध्ये त्यावर निबंध लिहिला. दुसरी वाट आर. जे. कळमकरांची. ते इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडला, संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या प्रयोगक्षेत्रावर काम करून आले. गहू आणि बटाट्याच्या पट्ट्यांवरचे त्यांचे निबंध 1932 चे. तिसरे इंदूरच्या कापूस संशोधनातले विनायक गोविंद पानसे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अकोला जिल्ह्यात कपाशीचं उत्पन्न चिठ्ठीच्या निवडीनं मोजण्याचं काम झालं आणि पानसे-कळमकरांनी 1944 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यावर लिहिलं. पुढे 1954 मध्ये पानसे-सुखात्म्यांचं शेती संख्याशास्त्राचं पाठ्यपुस्तक आलं. शेतीच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर वाढल्या.

अकोला जिल्हा म्हणजे तेव्हा वाशीमही. वाशीमचा जुना जिल्हा 1905 मध्ये अकोल्यात विलीन झाला आणि पुन्हा वेगळा झाला तो 1 जुलै 1998 ला. जिल्हाभरातून गावं चिठ्ठीनं निवडायची म्हटल्यावर वाशीम-मंगरूळकडच्या कपाशीच्या ओळीही त्यात आल्या असणार, असा माझा तर्क आहे. अशा मोजणीआधी आणेवारी होती: सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, आणि किती आणे पिकलं ते नजरेनं ठरवायचं.

यावर आक्षेप येईल की पहिला मान हबक यांचा. जे. ए. हबक या आयसीएस अधिकाऱ्यानं बिहार-ओरिसात भाताची यादृच्छिक कापणी 1920 च्या दशकातच केली होती. चिठ्ठीच्या आग्रहाचं श्रेय फिशर यांचं, हे तर न्यूमनही मान्य करत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये प्रचंड प्रमाणावर नमुना पाहण्या केल्या. हे सगळं कबूल. पण आज शेतात जो चौकोन आखला जातो, त्याचं कूळ कोणतं, हे त्याचा आकारच सांगतो.

हबक यांचा तुकडा एकराच्या 3200 व्या भागाचा, महालनोबिसही लहान तुकड्यांच्या बाजूचे. 1946 मध्ये सुखात्म्यांनी ‘नेचर’मध्ये बजावलं, की लहान तुकड्यानं उत्पन्न फुगतं. कापणारा काठावरचं झाड आत धरतो, आणि तुकडा जितका लहान तितका काठ जास्त. हिशेब करून पाहा: लहान तुकडा म्हणून दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ घेतलं, तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे 12.6 चौरस फूट आणि परीघही 12.6 फूट, म्हणजे चौरस फुटामागे एक फूट काठ. 33 फूट बाय साडेसोळा फुटांच्या, एकराच्या ऐंशीव्या भागाच्या चौकोनात चौरस फुटामागे 0.18 फूट. साडेपाच पटींचा फरक! शिवाय लहान तुकड्यांची संख्या कितीही वाढवली तरी ही चूक विरत नाही, कारण ती दर वेळी एकाच बाजूला झुकते. महालनोबिस यांच्या पाहणीची व्याप्ती मोठी होती, पण आपल्या शिवारात दोरीनं आखला जाणारा ऐसपैस चौकोन सुखात्मे-पानसे घराण्याचा आहे.

या घराण्यात शेवटची भर पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकरांची. 1976 मध्ये त्यांनी मांडलं, की पीकविमा एकेका शेतकऱ्याच्या नुकसानीवर चालणार नाही, तो परिसराच्या सरासरीवर बेतावा. माझ्या मते हा कारणाचाच युक्तिवाद आहे. एकाच्या शेतातलं उत्पन्न पावसानं घटलं की दुर्लक्षानं, हे वेगळं करता येत नाही. मंडळाची सरासरी मात्र एकट्याच्या हातात नसते, ती पडली तर कारण आभाळात किंवा रोगकिडीत शोधावं लागतं. 1979 मध्ये या तत्त्वावर प्रायोगिक योजना आली, 1985 मध्ये देशव्यापी.

म्हणून चिठ्ठीतून निघालेल्या गट नंबराला फार जपायला हवं. निवड झालेलं शेत लांब आहे, चिखल आहे म्हणून रस्त्याकाठचं सोयीचं शेत कापलं, तर वजन अचूक येऊनही आकडा खोटा ठरतो. चिठ्ठीतून निघालेलं शेत मंडळातल्या प्रत्येक न मोजलेल्या शेताच्या वतीनं बोलत असतं, सोयीनं निवडलेलं फक्त स्वतःपुरतं. कापणीच्या दिवशी गावातल्या चार माणसांनी बांधावर उभं राहून निवडीचा गट नंबर आणि पहिली खुंटी तपासली पाहिजे. मंडळातल्या प्रत्येकाच्या विम्याचा पैसा अशा मोजक्या खुंट्यांच्या जागेवर अवलंबून असतो.