जखम भरली, कळ राहिली

टाके निघाले, जखम वाळली. बोरी अरबच्या आमच्या शेजारणी म्हणाल्या, ‘सुटल्या आपा एकदाच्या!’ आणि तिसऱ्या आठवड्यात खांद्यावरून ओढणी सरकली, तर काखेतून वीज गेल्यासारखी कळ उठली. दंडाची आतली बाजू बधिर, तरी तिथंच मुंग्या डसत होत्या. एका दवाखान्यात सांगितलं. उत्तर मिळालं, ‘जखम भरली आहे. मनाचे खेळ आहेत.’ घरी येऊन रडले. मग वाचायला बसले.

श्रोतेहो, या कळेलाही इतिहास आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी मज्जातंतूंना इजा झालेले सैनिक तपासले. जखम भरूनही आग थांबत नाही, कापून टाकलेला पायही दुखतो, हे त्यांनी नोंदवलं आणि १८७२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. सैनिकाच्या कळेला शास्त्रात जागा मिळाली. बाईच्या कळेला फार थांबावं लागलं.

१८९४ साली बाल्टिमोरच्या विल्यम हॉलस्टेड यांनी आपली शस्त्रक्रिया मांडली. स्तन, त्याखालचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. ही रीत कित्येक दशकं चालली. बाई वाचते का, एवढाच प्रश्न होता. वाचल्यावर तिचं काय होतं, हे विचारायचं राहून गेलं.

फासळ्यांमधून निघून काखेतून दंडाकडे जाणारी एक बारीक नस असते. गाठी काढताना ती ताणली जाते, कधी तुटते. दुखावलेली नस मग कारण नसताना संदेश धाडत राहते आणि मेंदूला वाटतं, दंड जळतोय.

१९७० नंतर अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी दाखवून दिलं, की रोग लवकर सापडला तर कमी कापूनही बाई तितकीच जगते. पुढे काखेतली पहिली गाठ आधी तपासण्याची पद्धत आली. ती स्वच्छ निघाली, की बाकीची काख वाचते, बऱ्याचदा नसही वाचते.

माझ्यापुरतं सांगायचं, तर दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी दंडावरून कापसाचा बोळा फिरवला, बधिर जागेची हद्द आखली आणि म्हणाल्या, ‘ताई, ही नस आहे. भ्रम नाही.’ नसेच्या दुखण्याला नेहमीची गोळी फारशी पुरत नाही. मुळात उदासीनतेवर किंवा फिटवर निघालेली औषधं इथं कामी येतात, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सोबत भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम. कळ गेली नाही, पण माझी झोप परत आली.

तेव्हा घरातली बाई ‘अजून दुखतं’ म्हणाली, तर जखम पाहू नका. तिला विचारा, कुठं दुखतं, कसं दुखतं.