खेळातील मरण

खेळातील मरण : खेळाडू बाद झाल्यावर त्याला सोसावी लागणारी हानी. तीत खेळाबाहेर बसणे, गुण गमावणे किंवा मिळवलेली सामग्री नष्ट होणे यांचा समावेश होतो. ही हानी जितकी कठोर तितका खेळ रंगतदार, असे मत आंतरजालावरील बहुखेळाडू खेळांविषयी वारंवार मांडले जाते. महाराष्ट्राच्या मैदानांवर हा प्रश्न त्यापूर्वी कित्येक दशके उपस्थित झालेला होता.

हुतूतूमध्ये बाद गड्याला ‘मेला’ व परतलेल्याला ‘जिवंत झाला’ म्हणण्याची रूढी आहे. या खेळाचे तीन प्रकार प्रचलित होते. ‘गामिनी’त मेलेला गडी संघातील सर्व गडी मरेपर्यंत बाहेर राही, ‘अमर’मध्ये गडी मैदान सोडीतच नसे, प्रतिपक्षास केवळ गुण मिळे, ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा गडी मारला की आपला एक गडी उठे. गामिनीत एकट्या उरलेल्या गड्याची चढाई विलक्षण थरारक होई. परंतु कच्चा गडी सर्वांत आधी मरून सर्वांत अधिक काळ बसून राही, म्हणजे ज्याला सरावाची गरज अधिक त्यालाच खेळ कमी मिळे. अमरमध्ये याउलट मरणाचा धाकच उरत नसे. पुढे संजीवनीचा नियम स्थिर झाला व १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डी खेळली गेली ती याच रूपात.

खो-खोने मात्र कठोरपणा टिकविला. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात या खेळाची परंपरा जोमदार आहे. गुवाहाटी येथील २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे (अर्जुन पुरस्कार, २०२०) याच जिल्ह्यातील. खो-खोत संरक्षक तीनतीनच्या तुकड्यांनी उतरतात आणि बाद झालेला संरक्षक नऊही जण बाद झाल्याखेरीज परतत नाही. म्हणूनच दोन-तीन मिनिटे टिकून राहणे हेच मोठे कर्तृत्व ठरते. ही शिक्षा जाचक वाटत नाही, याचे कारण पाळीच्या लांबीत आहे. पारंपरिक नियमांनुसार पाळी नऊ मिनिटांची असते व ती संपताच बाद झालेलाही आक्रमक म्हणून बसतो.

संगणकीय खेळांत गमावला जातो तो महिनोन् महिन्यांचा वेळ. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात सुरू झालेल्या ‘मड’ या खेळात लढाईत मेलेले पात्र कायमचे नष्ट होई. ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये (१९९७) मृताची सामग्री इतरांना लुटता येई, त्रस्त खेळाडूंसाठी २०००मध्ये संमतीविना हल्ला करता न येणारे वेगळे जग काढावे लागले. ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये (१९९९) अनुभवगुण घटत व सामग्रीसाठी आपलेच प्रेत शोधीत जावे लागे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने (२००४) ही शिक्षा दुरुस्तीच्या किरकोळ खर्चावर आणली आणि त्याचा प्रसार आधीच्या खेळांपेक्षा कितीतरी अधिक झाला. ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये (२००३) मात्र उद्ध्वस्त झालेले यान परत मिळत नाही, तेथील युद्धांना येणारे गांभीर्य याच नियमामुळे आहे. ‘पबजी’त (२०१७) सुमारे शंभरांतून एकच खेळाडू वा संघ उरतो, पण मेलेल्याला लगेच नवा सामना मिळतो, त्या दृष्टीने हा खेळ खो-खोच्या जवळचा आहे.

कठोर मरणाची गोडी असते ती मुख्यतः ते स्वेच्छेने पत्करणाऱ्यांना. २०२३ साली ‘वॉरक्राफ्ट’च्या जुन्या आवृत्तीत एकाच मरणाने पात्र बाद करणारे स्वतंत्र विभाग निघाले, तेथे मेलेले पात्र सामान्य विभागात नेऊन पुढे खेळविण्याची सोयही ठेवण्यात आली.