बोटाखालचा स्वर

संगणकाने साधी धून वाजवावी, हे नवल 1950 नंतरच्या वर्षा-दोन वर्षांतच घडून गेले होते. पण ध्वनीची लहर आकड्याआकड्याने घडविण्याचा उद्योग 1957 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्याने आरंभिला. प्रयोगशाळा न्यू जर्सीत आणि आयबीएम 704 हे यंत्र न्यूयॉर्क शहरात. तेथे गणित करवून घ्यावयाचे, आकड्यांनी भरलेली फीत परत आणावयाची आणि मग तिचा ध्वनी करून ऐकावयाचा! एवढ्या खटाटोपातून निघालेली पहिली रचना अवघी 17 सेकंदांची होती. रचनाकाराला हे चालण्यासारखे होते, वादकाला नव्हे.

वादनात बोट आणि कान यांच्यामध्ये विलंब शिरता कामा नये. यंत्रांना तेवढा वेग नव्हता. म्हणून 1970 च्या सुमारास मॅथ्यूज आणि रिचर्ड मूर यांनी 'ग्रूव्ह' या योजनेत मधला मार्ग काढला. ध्वनी विद्युत् उपकरणांनी निर्माण करावा. संगणकाने वादकाच्या कळा व फिरती बटणे यांच्या हालचाली टिपून त्या उपकरणांवर केवळ हुकमत चालवावी. पुढे यंत्रे वेगवान झाली. 1996 मध्ये जेम्स मॅकार्टनी यांची 'सुपरकोलायडर' ही संगणकभाषा आली, 2003 च्या सुमारास प्रिन्स्टन येथे गे वांग आणि पेरी कुक यांची 'चक' आली, आणि टंकलेखनाच्या अक्षरालाच स्वर देणे सोपे झाले.

मात्र ही कळ मूळची कारकुनाची. तिला दाबणे आणि सोडणे एवढेच ठाऊक. दाबून धरली की तेच अक्षर ती पुनःपुन्हा पाठविते. ही पुनरुक्ती गाळली नाही, तर दीर्घ स्वराऐवजी नुसती तडतड ऐकू येते. स्वर एकाएकी तोडला तरी खटका उमटतो. म्हणून काही सहस्रांश सेकंदांत तो उतरवीत न्यावा लागतो.

उरते मींड. पेटीवरचा जुना आक्षेप हाच. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर घातलेली बंदी 1971 मध्ये सैल झाली, आक्षेप मात्र राहिला. संगणकाची कळ पेटीहूनही मुकी; पण तिच्यामागे पितळी पट्टी नसून आकडा आहे. षड्ज 240 आंदोलनांचा धरला, तर पंचम 360 चा. पट्टी या दोहोंमधून घसरत जाऊ शकत नाही. आकडा जाऊ शकतो. अर्थात वाटेत कोठे रेंगाळावे, हे आज्ञावलीत आधीच लिहून ठेवावे लागते, कारण ते सांगणे कळेच्या शक्तीबाहेरचे. स्वतः मॅथ्यूज पुढे 'रेडिओ बॅटन'च्या दोन कांड्यांकडे वळले. त्यांची पटावरील जागा आणि उंची यंत्राला क्षणोक्षणी समजत असे.