गृहांतील समुद्रमत्स्यपालनाचें प्राचीनत्व

१. कांचेच्या पेटींत खारें पाणी ठेवून फुलपाखरूमाशासारखे समुद्रमत्स्य घरीं पाळण्याचा छंद आतां देशांत रूढ झाला आहे. ही विद्या आपल्या पूर्वजांस अवगत होती काय? 'होती' असें म्हणूं पाहणारास दोन आधार सुचण्याजोगे आहेत. एक ग्रंथांतील व दुसरा आमच्या छत्रपती संभाजीनगरांतील (पूर्वीचें औरंगाबाद). दोहोंची छाननी करूं.

२. ग्रंथाधार. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (इ. स. ११२६–११३८) याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ त्यांतील जुन्या मराठी पद्यांमुळें आमच्या वाचकांस परिचित आहेच. त्यांतील 'मत्स्यविनोद' प्रकरणांत माशांचे समुद्रांतील व गोड्या पाण्यांतील, तसेच खवल्यांचे व बिनखवल्यांचे, असे भेद सांगून त्यांच्या खाद्याचाही विचार केला आहे. डॉ. सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या प्रकरणाचा मत्स्यशास्त्रदृष्ट्या परामर्श घेतला. निरीक्षण सूक्ष्म आहे यांत शंका नाहीं. परंतु प्रकरणाचा विषय गळ टाकून मासा धरणें हा आहे. खाद्य घालावयाचें तें त्याचसाठीं. समुद्रमत्स्याचें ज्ञान निराळें व त्याचें गृहांत पालन निराळें. पहिल्यावरून दुसरें सिद्ध होत नाहीं.

३. स्थलाधार. मलिक अंबरानें इ. स. १६१० त खडकी येथें राजधानी केली व नहर बांधून नगरास पाणी आणिलें. पुढें तशाच एका नहरीवर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांत पाणचक्की उभी राहिली. उत्तरेकडील डोंगरांतील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून येई, उंचावरून हौदांत कोसळे व जातें फिरवी. हौदांत मासेही असत. पाणी पडतांना त्यांत हवा मिसळे व वाहतांना मळ निघून जाई. मत्स्यपालनाचीं हीं दोन मुख्य अंगें तेथें अनायासें साधलीं होतीं. परंतु पाणी गोडें! त्यांत समुद्रमत्स्य जगणें शक्य नव्हतें.

४. मग उगम कोठें? रॉबर्ट वॉरिंग्टन यानें १८५० सालीं मासा, वनस्पति व गोगलगाय यांचा बंद पात्रांतील समतोल दाखविला. १८५३ त लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि १८५४ त फिलिप गॉस याच्या ग्रंथानें या छंदाचा प्रसार केला. आपल्याकडे मद्रासेस १९०९ सालीं व मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं सुरू झालें. तेव्हां ही विद्या अर्वाचीन होय.

५. फुलपाखरूमाशाचें शास्त्रीय नांव 'कीटोडॉन' हें ग्रीक असून त्याचा अर्थ 'केशदन्त'. यांतील दन्तवाचक ग्रीक शब्द व आपला 'दन्त' हे सहोदरच आहेत. नांवांतच त्याची अडचण आहे. केसासारख्या बारीक दातांनीं तो प्रवाळाचे जीव टिपून खातो. 'कीटोडॉन ट्रायफॅशियालिस' ही जात तर जवळजवळ केवळ प्रवाळावरच जगते. प्रवाळावांचून ती पेटींत उपाशी मरते. 'कीटोडॉन ऑरिगा' किडे व झिंगेही खात असल्यानें त्यापेक्षां सुसाध्य. पाणी दर हजारीं सुमारें ३५ भाग खारट लागतें. माशाच्या मळांतून उत्पन्न होणारा अमोनिया सूक्ष्म जंतु क्रमाक्रमानें सौम्य करतात, व ते वाढण्यास कित्येक आठवडे जातात. त्यापूर्वीं मासा सोडणें म्हणजे त्यास विष देणें. आमच्या नगरास पैठणच्या नाथसागराचें गोडें पाणी. क्षार तेवढे विकत आणून मिसळावयाचे. उन्हाळ्यांत उष्णता ४० अंशांवर जाते, पेटीस मात्र सुमारें २५ अंश हवेत.

६. प्रवाळ तरी आणावें कोठून? २००१ सालीं तें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या प्रथम अनुसूचींत समाविष्ट झालें. मालवणच्या खडकांवरून तें काढणें हा अपराध होय. सबब प्रवाळभक्षक जाती समुद्रांतच राहूं द्याव्या, हें उत्तम.

७. निष्कर्ष इतकाच. मत्स्यविनोद व पाणचक्की हीं दोन्ही स्वतःच्या गुणांनींच थोर आहेत. त्यांस नसलेल्या विद्येचा मान देण्यानें त्यांचें मोल वाढत नाहीं. संग्राहकांपाशीं मत्स्यविनोदाचीं अप्रकाशित पोथ्यांतील पानें असल्यास त्यांनीं माशांच्या नांवांचे पाठभेद अवश्य टिपून ठेवावे. तें काम खरोखर व्हावयाचें आहे.