मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकोस्टा

समान वेतन कायद्याखालील सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल (26 मार्च 1987). खटला मुंबईतला. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज व्यवसायातील कंपनीत ऑड्री डिकोस्टा स्टेनोग्राफर होत्या. 1977 मध्ये त्यांची नोकरी संपली. त्यानंतर, पुरुष स्टेनोंपेक्षा आपल्याला पगार कमी मिळाला म्हणून त्यांनी फरकाच्या रकमेची मागणी केली.

या मागणीला आधार होता समान वेतन कायदा, 1976 याचा. समान किंवा तत्सम कामासाठी स्त्रीला पुरुषापेक्षा कमी मोबदला देण्यास त्याने मनाई केली. समान वेतनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या कराराला भारताने 1958 मध्येच मान्यता दिली होती आणि राज्यघटनेच्या 39व्या अनुच्छेदातही हे तत्त्व होतेच. पण त्याच्या बळावर थकबाकी मागायची वाट या कायद्याने खुली केली.

कंपनीचे म्हणणे असे की, वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे नेमलेल्या डिकोस्टांसारख्या स्त्रिया ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ आहेत, म्हणजे त्यांचा वर्गच निराळा. शिवाय वेतनश्रेणी युनियनशी झालेल्या करारानुसार ठरली आहे. डिक्टेशन घ्यायचे, वहीतल्या लघुलिपीच्या खुणा वाचत टाइपरायटरवर पत्र उतरवायचे, हे काम मात्र दोन्हीकडे तेच. पदाच्या नावात ‘लेडी’ शब्द घातल्याने त्यात काय बदलणार होते?

अर्ज प्रथम ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने काम सारखे असल्याचे मान्य केले, तरी लिंगभेद नाही म्हणून अर्ज फेटाळला. अपिलात डिकोस्टा जिंकल्या. कंपनी उच्च न्यायालयात हरली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयातही. न्या. वेंकटरामय्या यांच्या खंडपीठाने सांगितले की, काम ‘तत्सम’ आहे की नाही हे व्यापक दृष्टीने पाहावे आणि किरकोळ फरकांचा बाऊ करू नये. कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा माणूस रोज प्रत्यक्षात काय करतो, ते महत्त्वाचे. युनियनशी केलेल्या कराराने कायद्यातून सुटका होत नाही. कंपनीने आर्थिक अडचणही पुढे केली होती. पैसा नाही म्हणून बाईला कमी पगार देण्याची मुभा या कायद्यात नाही, असे न्यायालयाने बजावले. निकालाचा सर्वांत मोलाचा भाग हाच. तंगीच्या काळात कात्री पहिल्यांदा बाईच्या पगाराला लागते, हे कामगार चळवळीत वावरलेल्या कुणालाही ठाऊक असते.

परराष्ट्र सेवेतील सी. बी. मुथम्मा (1979) आणि एअर इंडियाच्या नर्गिस मिर्झा (1981) यांच्या खटल्यांत वाद लग्न, बाळंतपण, बढती आणि निवृत्तीच्या नियमांचा होता. डिकोस्टांनी लढा थेट पगाराच्या आकड्यावर आणला.

पुढे 2019 च्या वेतन संहितेत समान वेतन कायदा सामावून घेण्यात आला. निकालाची मर्यादाही नोंदवायला हवी. तुलना समान किंवा तत्सम काम करणाऱ्या पुरुषाशीच होते. जिथे सगळ्या बायकाच राबतात, तिथे पगार कितीही तुटपुंजा असला तरी शेजारी बोट दाखवायला पुरुष नसतो, आणि त्यांच्या हाती हा निकाल फारसा येत नाही.