राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, गोवा

हिंदी महासागराचा सर्वांगीण अभ्यास करणारी भारतातील अग्रगण्य संशोधन संस्था. स्थापना १ जानेवारी १९६६. मुख्यालय पणजीजवळ दोना पावला येथे. प्रादेशिक केंद्रे मुंबई, कोची व विशाखापट्टणम येथे. ही वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची प्रयोगशाळा असून ‘एनआयओ’ या नावाने ओळखली जाते.

पार्श्वभूमी : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अटलांटिक व पॅसिफिकच्या तुलनेत हिंदी महासागराची शास्त्रीय माहिती फार तोकडी होती. भारतात समुद्रविज्ञानाच्या विद्यापीठीय अध्यापनाला पन्नासच्या दशकात वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात, अमेरिकन शास्त्रज्ञ युजीन लाफाँड यांच्या सहभागाने चालना मिळाली. मात्र खोल समुद्रातल्या कामासाठी लागणारी जहाजे व उपकरणे एकट्या विद्यापीठाला परवडणारी नव्हती.

हे चित्र आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने (१९५९–६५) पालटले. अनेक देशांची मिळून चाळीसच्या आसपास जहाजे तीत उतरली. भारतीय नौदलाची ‘किस्तना’ ही युद्धनौकाही संशोधनासाठी फिरली. मोहिमेतील जहाजांनी जाळ्यांत धरलेले प्लवक कोचीच्या हिंदी महासागर जीवशास्त्रीय केंद्रात येत आणि तेथे त्यांची वर्गवारी होई. हवामानाच्या नोंदी मुंबईत कुलाब्याच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात जमत. मान्सून समजून घेणे हे मोहिमेचे एक मोठे उद्दिष्ट होते.  

स्थापना व आरंभीची वर्षे : मोहीम संपल्यावर तयार झालेली माणसे विखुरली असती आणि नमुने कपाटांत पडून राहिले असते. ते टाळण्यासाठी कायमस्वरूपी संस्था काढली गेली, हे तिच्या जन्माचे खरे कारण होय. मोहिमेच्या भारतीय कार्यक्रमाचे सूत्रधार, प्राणिशास्त्रज्ञ ने. के. पणिक्कर हेच पहिले संचालक झाले आणि कोचीचे केंद्र संस्थेत विलीन झाले. मुख्यालय आधी दिल्लीत होते. पुढे ते गोव्यात आले. जागेची निवड अचूक ठरली. दोना पावलाच्या एका अंगाला मांडवीचे मुख, दुसऱ्या अंगाला जुवारीचे. दोन्ही नद्या कुंभारजुवेच्या कालव्याने जोडलेल्या. भरतीबरोबर आत शिरणारे खारे पाणी पावसाळ्यात कसे मागे रेटले जाते आणि त्यानुसार जीवसृष्टी कशी बदलते, हे पाहण्याची सोय दारातच होती.

पहिली दहा वर्षे संस्थेकडे स्वतःचे महासागरी जहाज नव्हते. त्यामुळे खाड्या व किनारपट्टी यांवर भर राहिला. या कामाला दुय्यम मानण्याची प्रवृत्ती दिसते. वस्तुतः भारतीय खाड्यांची पद्धतशीर निरीक्षणे याच काळात आकाराला आली.

गवेषणी : संचालक सय्यद झहूर कासिम यांच्या कारकिर्दीत, १९७६ मध्ये, कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीतील ‘गवेषणी’ हे जहाज दाखल झाले. २६ जानेवारी १९८१ रोजी त्याने हिंदी महासागराच्या तळातून बहुधातुक गोटे वर काढले. मँगनीज, निकेल, तांबे व कोबाल्ट असलेले हे गोटे चार किलोमीटरहून अधिक खोलीवर पसरलेले असतात. या शोधाच्या बळावर भारताला ‘अग्रणी गुंतवणूकदार’ हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला व १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातील दीड लाख चौ. किमी. क्षेत्र वाट्याला आले. जहाज मिळाल्यापासून पाचच वर्षांत गोटे हाती आले, याचे श्रेय आधीच्या दशकात घडलेल्या मनुष्यबळाला द्यायला हवे.

गोटे मिळाले त्याच वर्षी, ६ डिसेंबर १९८१ रोजी, कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे उतरली. तिसऱ्या मोहिमेत (१९८३-८४) संस्थेच्या, मूळ नागपूरच्या अदिती पंत सहभागी झाल्या. भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पोचलेल्या त्या पहिल्या महिला.

विद्यापीठाशी नाते : संस्था स्वतः पदवी देत नसल्याने तिथल्या संशोधकांना विद्यापीठांत नोंदणी करावी लागे. १९८५ मध्ये शेजारच्या ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ सुरू झाल्यावर ही सोय जवळच झाली. विद्यापीठात सागरविज्ञानाचा विभागही उभा राहिला.